कम्युनिटी कॉलेज करून यूसी, की थेट चार वर्षं? (कॅलिफोर्निया, हात आखडता आहे)

चौकस

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येते. मुलगी यंदा हायस्कूल संपवतेय, घर फ्रीमाँटला, सगळ्यांकडे ग्रीन कार्ड. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) रिव्हरसाइडला कम्प्युटर सायन्स मिळालंय, सॅन होजे स्टेटला गणित. उत्पन्न एवढं आहे की मोठी ग्रँट मिळत नाही, आणि बचत एवढी नाही की चार वर्षं यूसीचा खर्च निघेल. धाकटा नववीत, म्हणजे तीन वर्षांनी त्याचीही पाळी. तिसरा पर्याय म्हणजे दोन वर्षं घरून कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज), मग यूसीत ट्रान्सफर. यात खरी बचत किती होते आणि फसगत कुठे होते? नुसतं 'छान पर्याय आहे' असं सगळे सांगतात, आकडे कुणी मांडत नाही.

हिशेबनीस

आकडे मांडतो.

कम्युनिटी कॉलेजची फी राज्यभर एकच आहे, युनिटला (कोर्सचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर. ट्रान्सफरला ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे २,७६० डॉलर. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं सेमिस्टरऐवजी क्वार्टरवर (वर्षाची तीन छोटी सत्रं) चालतात. तिथे क्वार्टर युनिटला ३१ डॉलर आणि ९० युनिट, म्हणजे बेरीज जवळपास तीच. पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या आणि सत्रात किमान १२ युनिट घेणाऱ्या विद्यार्थ्याला बरीच कॉलेजं 'प्रॉमिस' योजनेखाली ही फीसुद्धा दोन वर्षं माफ करतात, उत्पन्न न बघता. त्यासाठी फाफ्सा (केंद्र सरकारचा शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरलेला लागतो. 'आपल्याला काही मिळणार नाही' म्हणून फाफ्सा न भरणाऱ्यांची ही सवलत हकनाक जाते. हेल्थ फी, पार्किंग, पुस्तकं वेगळी. वर्गांच्या यादीत 'झीरो टेक्स्टबुक कॉस्ट' अशी खूण असलेले वर्ग निवडले तर पुस्तकांचा खर्चही बराच आवरता येतो.

यूसीत नव्या विद्यार्थ्याला ट्यूशन आणि फी मिळून वर्षाला १५ हजार डॉलरच्या आसपास पडतात. राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास धरला की कॅम्पसवर राहणाऱ्याचा आकडा साधारण ४० ते ४५ हजारांवर जातो. म्हणजे दोन वर्षांत जे ८०-९० हजार वाचतील असं लोक म्हणतात, त्यातले ट्यूशनचे फार तर ३० हजार. उरलेली बहुतेक बचत मुलगी घरी राहते म्हणून होते. मुलांना कम्युनिटी कॉलेजसाठी दुसऱ्या गावात खोली घेऊन देणारी कुटुंबं असतात. त्यांच्या हाती यातलं फारसं काही लागत नाही.

आता हाच हिशेब सॅन होजे स्टेटला लावा. सीएसयूची (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, सॅन होजे स्टेट त्यातलंच) ट्यूशन २०२५-२६ ला ६,४५० डॉलर आहे, कॅम्पस फी धरून साडेआठ हजारांच्या वर. २०२४-२५ पासून पाच वर्षं दरवर्षी ६ टक्के वाढ ठरलेली आहे, तीही धरा. पण फ्रीमाँटहून बार्ट रेल्वेने बेरीएसा स्टेशन आणि पुढे बस असं रोज घरून जाता येतं. घरूनच जायचं असेल तर पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला काढून वाचतात ते जेमतेम १५ हजार, दोन वर्षांचे मिळून. ही रक्कम लहान नाही, पण तिच्यासाठी ट्रान्सफरची अनिश्चितता पत्करायची का, हा प्रश्न वेगळा आहे.

आणखी एक. यूसीची ट्यूशन प्रवेशाच्या वर्षाच्या दराने सहा वर्षांपर्यंत गोठते. ट्रान्सफर विद्यार्थ्याला दर लागतो तो तो स्वतः यूसीत शिरतो त्या वर्षाचा. म्हणजे दोन वर्षांनी जाणाऱ्याला वाढलेला दर.

पायरीपायरीने

वरच्या हिशेबात 'दोन वर्षं' हे गृहीत धरलंय. कम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगमध्ये नेमकी तिथेच गोम आहे.

इंजिनिअरिंगची साखळी बघा. पहिल्या सत्रात कॅलक्युलस १. ते झाल्याशिवाय फिजिक्सचं मेकॅनिक्स घेता येत नाही, म्हणून दुसऱ्या सत्रात कॅलक्युलस २ आणि मेकॅनिक्स. तिसऱ्यात कॅलक्युलस ३ आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम. चौथ्यात लिनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि फिजिक्सचा शेवटचा कोर्स. शेजारी प्रोग्रॅमिंगचे दोन-तीन कोर्स, त्यांचीही एकामागून एक अशीच साखळी. चार सत्रं काठोकाठ भरतात. यातला एक कोर्स हुकला की पुढचं सगळं एक सत्र मागे पडतं, आणि या मेजरांना (मुख्य विषयांना) यूसीत शिरायची वेळ जवळपास नेहमी फॉलच (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारं सत्र) असते, म्हणून एका सत्राचं एक वर्ष होतं. लहान कॉलेजांत फिजिक्सचा तिसरा कोर्स वर्षातून एकदाच लागतो, तेव्हा पुढच्या सत्रात भरून काढू म्हणायचीही सोय नसते.

तुमच्या मुलीने एपी (हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा कोर्स आणि परीक्षा) कॅलक्युलस बीसी केलं असेल आणि ४-५ गुण असतील तर ती कॅलक्युलस ३ पासून सुरू करते आणि साखळीत हवेला जागा राहते. बीसी झालेलं नसेल तर दोनाऐवजी तीन वर्षं धरूनच हिशेब करा.

दुसरी अडचण जागा मिळण्याची. नव्या विद्यार्थ्याचा नोंदणीचा क्रमांक शेवटी लागतो. ओरिएंटेशन, प्लेसमेंट आणि एज्युकेशन प्लॅन या तिन्ही गोष्टी वेळेत पूर्ण केल्या तर प्राधान्य मिळतं. मे महिन्यात हे उरकलं नाही तर ऑगस्टमध्ये केमिस्ट्री लॅबचा एकही वर्ग शिल्लक नसतो. वेटलिस्टवर असाल तर पहिल्या तासाला वर्गात हजर राहायचं, प्राध्यापक अ‍ॅड कोड देतात तो एक-दोन दिवसांत वापरायचा. ऑनलाइन वर्ग असेल तर पहिल्याच दिवशी ईमेल पाठवा.

रानजाई

'पायरीपायरीने'शी सहमत, पण हा रस्ता फक्त कम्प्युटर सायन्सच्या चष्म्यातून बघू नका. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास अशा मेजरांना दोन वर्षांत ट्रान्सफर अगदी व्यवस्थित होते. तिथे पूर्वतयारीचे चार-पाच कोर्स आणि बाकी जनरल एज्युकेशन (सगळ्यांना लागणारे सामान्य विषय). कॅल-गेटसी या जनरल एज्युकेशनच्या ठरलेल्या यादीचे ११ कोर्स, ३४ युनिट, प्रत्येकात किमान सी. २०२५ च्या फॉलपासून जुन्या आयगेटसीच्या जागी हेच आलंय आणि यूसी-सीएसयू दोन्हीकडे चालतं.

शिवाय टॅग आहे, म्हणजे प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही सहा कॅम्पस टॅग देतात. बर्कली, लॉस अँजेलिस, सॅन डिएगो देत नाहीत. टॅगचा अर्ज एकाच कॅम्पसला करता येतो, नेहमीचा अर्ज मात्र हव्या तितक्या कॅम्पसना. पण सगळ्या मेजरांना टॅग नसतो. सँटा बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाही, आणि इतर ठिकाणीही कम्प्युटर सायन्सला एक तर वेगळं जास्तीचं जीपीए (ग्रेडची सरासरी) किंवा दार बंदच. दरवर्षी उन्हाळ्यात नवं टॅग मॅट्रिक्स येतं, तेच वाचायचं. मागच्या वर्षीच्या मॅट्रिक्सवर विसंबू नका.

सीएसयूसाठी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) घेतली तर सीएसयू यंत्रणेत जागेची हमी आणि पदवीला पुढे ६० युनिटच. हमी यंत्रणेची आहे. अमुक कॅम्पस किंवा अमुक मेजर मिळेलच असं त्यात नाही. सॅन होजेला कम्प्युटर सायन्स हवं असेल तर ती डिग्री हातात असूनही चढाओढ आहेच.

चौकस

बीसी झालंय, निकाल जुलैत. अपेक्षा ४-५ ची. मग तिला कॅल-गेटसी आणि साखळी दोन्ही करावं लागेल का? एवढं दोन वर्षांत बसतं?

पायरीपायरीने

बसवू नका. यूसीची इंजिनिअरिंग कॉलेजं आधी मेजरची तयारी बघतात. जनरल एज्युकेशन अर्धवट असलं तरी चालतं, पण लिनियर अल्जिब्रा राहिलं तर अर्ज लंगडा पडतो. कमीत कमी अट सात कोर्सांची आहे: इंग्लिशचे दोन, गणिताचा एक, आणि बाकी चार किमान दोन वेगवेगळ्या विभागांतून. ती पाळायची आणि उरलेला सगळा जोर मेजरवर. कॉलेजचा काउन्सेलर सवयीने पूर्ण जनरल एज्युकेशनचा आराखडा हातात देतो, तेव्हा 'इंजिनिअरिंगला ट्रान्सफर' असं स्पष्ट सांगून आराखडा मागा.

कुठला कोर्स चालेल हे असिस्ट या संकेतस्थळावर ठरतं, दुसरीकडे कुठेही नाही. वर्ष, तुमचं कॉलेज आणि यूसीचं कॅम्पस निवडलं की मेजरनिहाय करार उघडतो. डावीकडे यूसीचा कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. तीन ठिकाणी नजर चुकते.

पहिली, 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड'. त्या कोर्सला जुळणारा म्हणून मान्य झालेला कोर्स तुमच्या कॉलेजात नाही असा त्याचा अर्थ. म्हणून सोडून देऊ नका, शेजारच्या कॉलेजचा करार उघडा, तिथे असेल तर तो एक कोर्स तिथून करा. डिस्क्रीट मॅथ आणि असेंब्ली लँग्वेज हे नेहमीचे अडणारे. तुमच्या भागात ओहलोनी, शॅबो, मिशन, डी अँझा हाताच्या अंतरावर आहेत, ही मोठी सोय आहे.

दुसरी, कोर्सांमधला 'अँड'. क्वार्टरवाल्या कॉलेजात कॅलक्युलसचे भाग जास्त पाडलेले असतात आणि करारात ते 'अँड'ने एकत्र बांधलेले असतात. डी अँझात पहिला भाग करून पुढचा भाग सेमिस्टरवाल्या मिशनमध्ये केला, तर सांध्यावरचे धडे एक तर दोनदा होतात किंवा एकदाही होत नाहीत, आणि यूसी ती मालिका अपुरी धरू शकते. गणित आणि फिजिक्सची मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवायची, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

तिसरी, कोर्सचे नवे क्रमांक. २०२५ पासून राज्यभर समान क्रमांक लागू होताहेत. जुना इंग्लिश १ए आता इंग्लिश सी१००० झालाय, स्टॅटिस्टिक्स झालाय स्टॅट सी१०००. जुन्या यादीत नाव सापडत नाही म्हणून तोच कोर्स दुसऱ्या कॉलेजात पुन्हा घेतला जातो. ज्या वर्षी कोर्स केला त्या वर्षाचा करार काढून कागद जपून ठेवा.

मृद्गंध

ग्रेडबद्दल कुणी लिहिलं नाही. कम्युनिटी कॉलेजात सी किंवा वर मिळालेला कोर्स ग्रेड सुधारायला पुन्हा घेता येत नाही. डी किंवा एफ असेल तरच. म्हणून कॅलक्युलसमध्ये सी येणार असं सत्राच्या मध्यावर दिसलं तर 'डब्ल्यू' (कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडायचं की नाही, हा निर्णय कॉलेजने दिलेल्या तारखेच्या आत घ्यावा लागतो. पण डब्ल्यू घेतला तर साखळीचं एक सत्र गेलं, हेही आहेच. एखादा डब्ल्यू खपतो. त्यांची रांग लागली तर बर्कली-लॉस अँजेलिसला अडचण. पहिल्या दोन आठवड्यांत वर्ग सोडला तर डब्ल्यू लागत नाही आणि सहसा फीही परत मिळते, म्हणून पहिल्या परीक्षेची वाट न बघता पहिल्या दोन गृहपाठांवरून अंदाज घ्यावा.

हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एनरोलमेंटने घेतलेल्या कॉलेज कोर्सचे ग्रेडही कायमचे असतात. दहावीत हौसेने घेतलेल्या वर्गातला डी ट्रान्सफरच्या अर्जात समोर येतो. धाकट्याच्या बाबतीत हे आत्ताच लक्षात ठेवा. त्याला जमणारे कोर्सच घेऊ द्या, अकरा युनिटपर्यंत फी लागत नाही म्हणून ढीग लावू नका.

हिशेबनीस

मदतीबद्दल. चौकस, 'मोठी ग्रँट मिळत नाही' म्हणालात, पण मिडल क्लास स्कॉलरशिप तपासलीत का? ती यूसी आणि सीएसयूसाठी आहे, उत्पन्नाची मर्यादा दोन लाख डॉलरच्या वर आहे, वेगळा अर्ज नाही. २ मार्चच्या आत फाफ्सा भरलेला असला की आपोआप विचार होतो. रक्कम दरवर्षी बजेटप्रमाणे बदलते. रिव्हरसाइडच्या ऑफर लेटरमध्ये तो आकडा आहे का बघा, नसेल तर स्टेट एड कमिशनच्या वेबग्रँट्स खात्यात बघा. कम्युनिटी कॉलेजच्या नेहमीच्या ट्रान्सफर अभ्यासक्रमाला ही स्कॉलरशिप लागू नाही, म्हणजे तिथली दोन वर्षं ती बुडते. तुलना करताना यूसीच्या छापील खर्चाशी करू नका, ऑफरमधली ग्रँट वजा करून उरतो त्या आकड्याशी करा.

अगदी कमी उत्पन्नाच्या घरात तर चित्र उलटंही होतं. तिथे केंद्राची पेल ग्रँट वर्षाला ७,३९५ पर्यंत, राज्याची कॅल ग्रँट, यूसीची स्वतःची ग्रँट हे सगळं मिळून ट्यूशन भागतं आणि राहण्या-जेवणाचाही बराच भाग निघतो. कम्युनिटी कॉलेजात फी माफ, पण घरभाडं आणि गाडीचं पेट्रोल कुणी भरत नाही. म्हणून 'पैसे कमी म्हणजे कम्युनिटी कॉलेज' हे समीकरण सरसकट लावू नये असं माझं ठाम मत आहे. सर्वांत जास्त कोंडी मधल्या उत्पन्नवाल्यांची होते, आणि हा रस्ता मुख्यतः त्यांच्याच कामाचा.

कर्जाची गणितं २०२६ पासून बदलली आहेत. विद्यार्थ्याचं सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५००, चार वर्षांचे मिळून २७ हजार. पालकांचं प्लस कर्ज पूर्वी खर्चाइतकं काढता यायचं. १ जुलै २०२६ पासून नव्याने काढणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आहे. आणि दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली तरी २०२४-२५ पासून फाफ्सा घरचा वाटा विभागून देत नाही. तुमची मुलगी २०२६ ला सुरू करून चार वर्षांत संपली तर धाकट्याबरोबर एकच वर्ष गाठ पडते. तिची पाच वर्षं झाली तर दोन. 'पायरीपायरीने' म्हणतात ते तिसरं वर्ष तुम्हाला असं दुहेरी लागतं.

काटकसर

करसवलतीचं एक सांगते, बरेच जण इथे पैसे सोडून देतात. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट वर्षाला २,५०० पर्यंत मिळतं. पहिल्या २,००० खर्चावर पूर्ण, पुढच्या २,००० वर २५ टक्के. ट्यूशन आणि पुस्तकं चालतात, राहणं-जेवण चालत नाही. एका मुलासाठी फक्त चार करवर्षं. २०२६ च्या फॉलपासून २०३० च्या उन्हाळ्यापर्यंत शिक्षण म्हणजे करवर्षं पाच होतात. २०२६ मध्ये कम्युनिटी कॉलेजच्या एका सत्रावर दावा करून सहाशे-सातशे डॉलर घेतले, तर एक पूर्ण २,५०० चं वर्ष वाया जाऊ शकतं. पहिलं वर्ष सोडून यूसीच्या वर्षांसाठी राखा. ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) पैसे काढताना दरवर्षी ४,००० चा खर्च त्यातून भागवू नका, तो खिशातून भरा. एकाच खर्चावर दोन्ही सवलती मिळत नाहीत. नवरा-बायकोचा एकत्र रिटर्न असेल तर १,६०,००० उत्पन्नापासून क्रेडिट कमी व्हायला लागतं, १,८०,००० ला संपतं.

पैलतीर

धागा वाचणाऱ्या एच-४ वाल्यांसाठी (एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) लिहितो, कारण त्यांचा हिशेब पार वेगळा आहे.

एच-४ वरचं मूल कॅलिफोर्नियाचा निवासी दर लावून घेऊ शकतं. पालकांचं वास्तव्य सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस झालेलं असावं, राज्याचा टॅक्स रिटर्न, लायसन्स, भाडेकरार असे कागद दाखवावे लागतात. कॉलेजच्या ऑनलाइन अर्जात व्हिसाचा प्रकार चुकीचा निवडला की प्रणाली परस्पर अनिवासी ठरवते आणि बिल युनिटला शेकड्यांत येतं. तेव्हा घाबरून भरू नका, अ‍ॅडमिशन्स ऑफिसात रेसिडेन्सीची फेरतपासणी मागा. फाफ्सा, पेल, सरकारी कर्ज मात्र एच-४ ला नाही. आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) नुसता प्रलंबित असला तरी नाही, कार्ड हाती आल्यावरच.

खरा घोळ २१ व्या वाढदिवसाला. एच-४ संपतो, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर जावं लागतं, आणि एफ-१ वर निवासी दर टिकेल असं गृहीत धरू नये. यूसीत अनिवासी विद्यार्थ्याला ट्यूशनवर आणखी ३४ हजारांहून जास्त वार्षिक भरावे लागतात. आता कम्युनिटी कॉलेजचा रस्ता बघा: स्वस्त वर्षं १८ ते २० या वयात, महाग वर्षं २० ते २२. म्हणजे नेमकी महागडी वर्षं २१ च्या पलीकडे ढकलली जातात. थेट यूसीत गेलेल्या मुलाची जवळपास तीन वर्षं निवासी दरात निघतात. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या (ईबी-२, ईबी-३) भारतीयांच्या रांगेची लांबी पाहता वयाआधी कार्ड येईल यावर पैज लावणं धोक्याचं आहे. सीएसपीए या कायद्याने मुलाचं वय गोठतं, पण प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) चालू झाली तरच त्याचा उपयोग. मुलाची जन्मतारीख आणि चारही वर्षांचं कॅलेंडर शेजारी ठेवून मग ठरवा. जिथे जायचं त्या कॅम्पसच्या रेसिडेन्स डेप्युटीला लेखी विचारा, उत्तर ईमेलने घ्या.

जर्सीकर

न्यू जर्सीवाल्यांसाठी थोडक्यात. वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असलेल्याला एनजे स्टार्सखाली आपल्या काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ. राज्याच्या ट्रान्सफर करारामुळे एए किंवा एएस ही दोन वर्षांची पदवी पूर्ण करून सरकारी विद्यापीठात गेलं तर पहिल्या दोन वर्षांचे क्रेडिट धरले जातात. पदवी अर्धवट सोडून किंवा एएएस (नोकरीसाठीची) पदवी घेऊन गेलं तर एकेक कोर्स तपासला जातो आणि क्रेडिट गळतात. 'एएस' आणि 'एएएस' यांतला एका अक्षराचा फरक अर्ज भरताना बघा. कॅलिफोर्नियाचं असिस्ट आमच्याकडे नाही, तसेच नियम इथे लावू नका.

ओंजळ

पुण्याहून विचारते. भाची बारावी सायन्स झालीये. एफ-१ वर कम्युनिटी कॉलेज आणि मग यूसी हा 'स्वस्त मार्ग' म्हणून एका एजंटने सुचवलाय. त्यात तथ्य आहे का?

पैलतीर

ओंजळ, ४६ डॉलरचा दर तिला लागू नाही. अनिवासी दर बहुतेक ठिकाणी युनिटला ३०० डॉलरच्या वर, म्हणजे वर्षाच्या ३० युनिटांचे ९-१० हजार किंवा जास्त, त्यावर राहणं, जेवण, आरोग्यविमा. आणि पुढची दोन वर्षं यूसीत पूर्ण अनिवासी ट्यूशन, वर्षाला ५० हजारांच्या आसपास, राहणं वेगळं. पहिली दोन वर्षं स्वस्त पडतात हे खरं, पण एजंट सहसा तेवढ्यावरच थांबतात. चार वर्षांची बेरीज लेखी मागा. सत्रात १२ युनिट सक्तीचे, त्यांत ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो, नोकरी कॅम्पसवरच, आठवड्याला २० तासांपर्यंत. त्यात घरभाडंसुद्धा निघत नाही. पैसे बेताचे असतील तर पदवी महाराष्ट्रात करून, गुण आणि प्रकल्प चांगले ठेवून, असिस्टंटशिप मिळेल अशा मास्टर्सला येणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

चौकस

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. ऑफर पुन्हा उघडली, मिडल क्लास स्कॉलरशिपचा अंदाजी आकडा तळाशी होता, आमच्या नजरेतून सुटला होता. तो धरला तर रिव्हरसाइडचा उरलेला खर्च कमी होतो, तरी चार वर्षं जड आहे. हातातली कम्प्युटर सायन्सची जागा सोडायला जीव होत नाही. मधला काही मार्ग?

हिशेबनीस

आहे. जागा सोडू नका. चार वर्षांऐवजी तीन किंवा साडेतीन वर्षांत संपवायचं आणि उन्हाळ्यात फ्रीमाँटला घरी राहून ओहलोनीतून जनरल एज्युकेशन उरकायचं. दर तोच, युनिटला ४६. दर उन्हाळ्यात दोन कोर्स म्हणजे साधारण ६ युनिट, २७६ डॉलर. यूसीचं एक क्वार्टर जरी वाचलं तरी ट्यूशन आणि राहणं मिळून बारा-चौदा हजार वाचतात. एपीचे युनिट मिळतात ते वेगळे. मेजरचे कोर्स मात्र रिव्हरसाइडलाच करा. पुढचे वर्ग त्यांच्याच पद्धतीवर उभे असतात. रिव्हरसाइडच्या इंजिनिअरिंग कॉलेजची जनरल एज्युकेशनची स्वतःची यादी आहे, ओहलोनीचा कोर्स त्यातल्या कुठल्या रकान्यात बसतो हे असिस्टवर बघून अ‍ॅकॅडेमिक अ‍ॅडव्हायझरकडून ईमेलने पक्कं करून घ्या.

दुसऱ्या वर्षापासून कॅम्पसबाहेर खोली वाटून घेतली की राहण्याचा खर्च खाली येतो. यूसीचा आरोग्यविमा बिलात आपोआप लागतो. तुमच्या नोकरीच्या विम्यात ती असेल आणि रिव्हरसाइडकडे डॉक्टर मिळत असतील तर वेव्हर (यूसीचा विमा नको असा अर्ज) भरा. मुदत चुकली तर त्या सत्राचे पैसे भरावेच लागतात.

रानजाई

आणि ज्यांचा निर्णय कम्युनिटी कॉलेजचा होईल त्यांच्यासाठी तारखा. २०२८ च्या फॉलला ट्रान्सफर हवी तर टॅगचा अर्ज सप्टेंबर २०२७ मध्ये, यूसीचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये. जानेवारीत ट्रान्सफर अ‍ॅकॅडेमिक अपडेट भरायचं असतं, त्यात फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे कोर्स. अर्ज गेला म्हणून हे विसरणाऱ्यांचे टॅगसुद्धा रद्द होतात. ६० युनिट स्प्रिंगअखेर पूर्ण हवेत, त्यानंतरचा उन्हाळा धरत नाहीत. १ जुलैपर्यंत ज्या ज्या कॉलेजात एक जरी कोर्स केला असेल त्या सगळ्यांच्या ट्रान्सक्रिप्ट पोचायला हव्यात, हायस्कूलमधल्या ड्युअल एनरोलमेंटचीही. शेवटच्या सत्रात डी आला तर मिळालेला प्रवेश जातो. कॅल ग्रँट ए मिळाली असेल तर कम्युनिटी कॉलेजात ती राखीव ठेवता येते, पण ती राखून ठेवण्याची व्यवस्था स्वतः करून घ्यावी लागते.

लॉस अँजेलिसचं ध्येय असेल तर कॉलेजचा ऑनर्स प्रोग्रॅम टॅपशी (यूसी लॉस अँजेलिसचा ट्रान्सफरवाल्यांसाठीचा कार्यक्रम) जोडलेला आहे का बघा, पहिल्याच वर्षी त्यात शिरा.

चौकस

शेवटचा प्रश्न. याच उन्हाळ्यात, रिव्हरसाइडला जायच्या आधी, ओहलोनीत एक कोर्स घेतला तर तिचा फ्रेशमन दर्जा जातो का?

पायरीपायरीने

नाही. हायस्कूल संपल्यानंतर लगेच येणाऱ्या उन्हाळ्यातले कोर्स चालतात. फॉलला कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं तर ती ट्रान्सफर विद्यार्थी होते, आणि मग ही ऑफर परत उघडत नाही. १ मेच्या आत रिव्हरसाइडचं स्वीकृतिपत्र भरा, मग ओहलोनीच्या समरला नाव घाला. आधीची ड्युअल एनरोलमेंट असेल तर 'हायस्कूल विद्यार्थी' म्हणून जुनं खातं चालणार नाही, नवा अर्ज लागेल. इंग्लिश सी१००० घेण्याआधी एपी इंग्लिशचा निकाल काय येतो ते बघा, ४ किंवा ५ आले तर तो कोर्स कदाचित लागणारच नाही. त्याऐवजी एथनिक स्टडीज किंवा इतिहासाचा कोर्स घ्या, आणि सत्र संपल्यावर ओहलोनीची ट्रान्सक्रिप्ट रिव्हरसाइडला पाठवायची मागणी तिने स्वतः नोंदवायची, कॉलेज आपणहून पाठवत नाही.